डॉर्कसच्या नावापुढे

“फाडू?” केझायाकाकूंनी विचारलं. मांडीवर बायबल उघडं होतं.

“फाडायलाच हवं, काकू. वॉशिंग्टनला मूळ पान लागतं.”

“नक्कल नाही चालत?”

“नक्कल चालली असती तर केंटकीतल्या निम्म्या बायका शिपायांच्या विधवा निघाल्या असत्या!”

माझ्या विनोदावर मीच हसलो. काकू हसल्या नाहीत.

मी तेव्हा कोर्टात कारकून होतो. इंग्रजांशी झालेल्या जुन्या लढाईत जे लढले त्यांना, ते हयात नसले तर त्यांच्या विधवांना, सरकार एकशे साठ एकर जमीन देत होतं. काकूंचा नवरा आसा टॉलिव्हर त्या लढाईत होता, याला दोन साक्षीदार होते. लग्नाला मात्र एकही नव्हता. लग्न लावणारा पाद्री वारला होता आणि चर्च जळून गेलं होतं. उरलं होतं हे एक पान. त्यावर आसानं स्वतःच्या हातानं लग्नाची तारीख लिहिली होती, आणि तिच्याखाली मुलांचे जन्म-मृत्यू. फीबी, जोनस, डॉर्कस. तिघंही लहानपणीच गेली, आणि त्यांच्या थडग्यांवरच्या लाकडी फळ्याही पुढे नदीच्या पुरात गेल्या. धाकटा हायरम तेवढा जगला. जमीन त्याच्यासाठीच हवी होती.

काकूंना वाचता येत नव्हतं, पण कुठल्या ओळीत कोण आहे ते बोटाला पाठ होतं.

“माझी पोरं आहेत रे यावर, लेम्युएल.”

“मी उतरवून ठेवतो, काकू. काळजी सोडा.”

त्यांनी डोळे मिटले आणि पान फाडलं.

टपालगाडी कचेरीच्या दारात उभी होती. गाडीवान ओरडत होता. मी पान पाकिटात घातलं, लाख लावली आणि देऊन टाकलं. घाई होती, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. घाई कसली, कंटाळा! चार ओळींचं तर काम होतं.

पुढच्या वर्षी जमिनीचा हुकूम आला. हायरम तो खिशात घालून जमीन घ्यायला आयोवाला निघाला. “घर उभं राहिलं की न्यायला येतो, आई,” म्हणाला. गेला तो गेलाच.

मग एका सकाळी काकू बायबल घेऊन कचेरीत आल्या.

“तू उतरवलेला तो कागद काढ रे. नावं वाचून दाखव. पान घरात होतं तोवर पोरं गप्प होती. आता संध्याकाळ झाली की दाराशी येतात. आम्ही कुठं गं, म्हणून विचारतात.”

कागद नव्हताच. टेबलावर हरवलेल्या गायीची नोटीस पडली होती. तीच उचलली आणि बेधडक वाचायला लागलो. “फीबी. जन्म नऊ जून...”

“फीबी बर्फात झाली,” काकू म्हणाल्या. “सुईणीला आणायला गेला तेव्हा आसाचा घोडा घसरला होता.”

मी नोटीस खाली ठेवली.

“काकू, मी उतरवलंच नव्हतं. चुकलो. वॉशिंग्टनला लिहितो, पान परत मागवतो.”

“एकदा दिलेलं कोण परत देतं, बाबा?”

त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बायबलचं पहिलं कोरं पान माझ्यापुढे सरकवलं.

“मी सांगते, तू लिही. फीबी. बर्फात आली. तिसऱ्या वर्षी घशाच्या दुखण्यानं गेली.”

मी लिहिलं.

“जोनस. मक्याच्या कापणीत झाला. पुढची कापणी त्यानं पाहिली नाही.”

तेही लिहिलं.

“डॉर्कस.”

मी नाव लिहून थांबलो. काकूही थांबल्या. त्यांचं बोट कोऱ्या कागदावर फिरत राहिलं.

“सहाच दिवस होती. मला तापात शुद्ध नव्हती रे. कधी आली, कधी गेली... आसानं सगळं लिहिलं होतं ना त्या पानावर.”

माझ्या टाकातली शाई वाळून गेली.

काकू जाऊन आता अकरा वर्षं झाली. वॉशिंग्टनला लिहिलं होतं, पण पान काही परत आलं नाही. हायरमला पत्र टाकलं, तर बायबल तुमच्याकडेच असू द्या, असं उत्तर आलं. संध्याकाळी कचेरी बंद करताना दाराशी कुणीतरी उभं आहे असं वाटतं. मग मी परत आत येतो, बायबल उघडतो आणि मोठ्यानं वाचतो. फीबीचं वाचतो. जोनसचं वाचतो. डॉर्कसचं नुसतं नाव वाचतो. त्याच्यापुढे काही लिहिलेलं नाही.