नसलेली सीडी

रस्ता खणणाऱ्यांनी नारायण पेठेतली टेलिफोनची केबल तोडली आणि केतकर सरांचं इंटरनेट गेलं. त्याबद्दल वर्तमानपत्राला खरमरीत पत्र धाडायचं, तर ईमेलच बंद! सर तडक जाऊन लॅपटॉपला खोचायचं मोबाइल इंटरनेटचं कार्ड घेऊन आले.

"लिनक्सवर चालेल ना?" त्यांनी दुकानदाराला विचारलं होतं.

"चालवणाऱ्यावर आहे," पेपरातून मान वर न करता तो म्हणाला.

निवृत्त गणितशिक्षक श्यामसुंदर केतकरांना एवढं पुरेसं होतं. चोरून घातलेलं विंडोज नको, म्हणून त्यांनी आपल्या पिटुकल्या लॅपटॉपवर हट्टाने फुकट मिळणारं लिनक्स टाकलं होतं. पण कार्ड खोचलं तर इंटरनेट राहिलं बाजूला, पडद्यावर सीडीचं चित्र उमटलं. त्या लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नव्हती!

सरांनी मोबाइलवरून कंपनीच्या मदत केंद्राला गाठलं.

"सर, स्टार्टवर क्लिक करा," पलीकडची मुलगी म्हणाली.

"माझ्याकडे स्टार्ट नाही. लिनक्स आहे."

"मग लिनक्स अनइन्स्टॉल करा ना, सर."

सरांनी फोन ठेवला. तासभर काळ्या खिडकीत आज्ञा टाइप केल्या, कार्डावर फुंकरा मारल्या, दोनदा ते पंख्याखालीही धरलं. सीडी जागची हलेना.

शेजारी मटार सोलत बसलेल्या त्यांच्या पत्नी, आनंदीबाई, शेवटी म्हणाल्या, "अहो, ती सीडी नकोय ना? मग काढून टाका की."

"अगं, जी नाहीच ती काढू कुठून?"

बाईंनी पदराला हात पुसले, चित्रावर उजवं बटण दाबलं आणि 'इजेक्ट' केलं. चित्र गेलं. कार्डाचा हिरवा दिवा निळा झाला आणि नेटवर्कच्या यादीत मोबाइल ब्रॉडबँड अवतरलं! हे कार्ड विंडोजवाल्यांसाठी आधी सीडीचं सोंग घेतं, ती काढली की मोडेम होतं, हे सरांना नंतर इंटरनेटवरच वाचायला मिळालं.

पत्र गेलं. दुसऱ्या दिवशी मदत केंद्रातल्या त्याच मुलीचा फोन आला. "सर, लिनक्सवाल्या कुणाचंच चालत नाहीये. आपलं चालू झालेलं इथे दिसतंय, ते कसं झालं?"

सगळा जन्म फळ्यावर उत्तरं लिहिण्यात गेलेला, पण हे उत्तर सरांचं नव्हतं.

"थांबा, आमच्या तज्ज्ञांना देतो," असं म्हणून ते स्वयंपाकघरात गेले आणि कणीक मळणाऱ्या आनंदीबाईंच्या कानाला त्यांनी मोबाइल लावला.

"हं, बोल," बाई म्हणाल्या. "लिहून घेतेस ना?"