मऊ गोठवायचं

मिस्त्रींनी कांडी खांद्याच्या उंचीवर धरली आणि सोडून दिली.

स्वयंपाकघरातल्या फरशीचा टवका उडाला. कांडीवर ओरखडासुद्धा नव्हता. मिस्त्रींनी वाकून ती उचलली, उजेडात धरली, कडांवरून बोट फिरवलं आणि मान डोलावली. "पास."

आतल्या खोलीतून बायकोचा आवाज आला, "काय फुटलं हो?"

"काही नाही. फरशी."

मिस्त्रींनी उभं आयुष्य सिमेंटचे ठोकळे पाडण्यात घालवलं होतं. फुटपाथवर बसवतात ते. साच्याला तेलाचा हात द्यायचा, माल ओतायचा, ठोकून ठोकून हवा काढायची आणि मग बोटसुद्धा न लावता सेट होऊ द्यायचं. शेवटी नमुन्याचा ठोकळा खाली टाकून बघायचा. फुटला तर नापास. निम्मं शहर त्यांच्या कामावरून चालत होतं आणि कोणीही खाली बघत नव्हतं, याहून मोठी पावती ती कोणती? अशा माणसाच्या वाट्याला निवृत्तीनंतर दही आलं, तर तो त्याचं दुसरं काय करणार?

दही आलं होतं ते इस्पितळातून. औषधांनी बायकोच्या तोंडात फोड आले होते. गरम चालेना, तिखट चालेना, घास पुढे केला की ती भिंतीकडे तोंड फिरवायची. नर्सबाईंनी वजनकाट्याकडे बघून सांगितलं, "काका, सोमवारी पुन्हा वजन करणार. आणखी उतरलं तर पुढचा डोस थांबवावा लागेल. गार काहीतरी द्या. दही गोठवा, फळं घाला. घरीच करा हं, विकतचं नको." एवढं बोलून त्या पुढच्या पेशंटकडे वळल्या. कसं गोठवायचं, हे मिस्त्रींनी विचारलं नाही. गोठवण्याबद्दल आपल्याला कोणी काही शिकवावं, अशी वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

ते गोठवलेल्या दह्याची ती कांडी बशीत ठेवून आत घेऊन गेले. बायकोनं ती हातात घेतली, ओठाला लावली, मग धीर करून दात लावला. टक्क असा आवाज आला.

"हे खायचंय की बसवायचंय?"

"कडक आहे जरा."

"जरा? आणि ओठाला हे तेल कसलं लागलं?"

"साच्याला लावलं होतं. नाहीतर सुटत नाही."

बायको हसली. हसताना ओठ तडकला, तसा तिनं रुमाल दाबून धरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते हसण्याचं की दुखण्याचं, हे मिस्त्रींना कळेना. विचारावं असं वाटलं, पण काय विचारायचं तेही कळेना. ते बशी घेऊन बाहेर आले आणि त्यांनी मुलीला फोन लावला.

"बाबा, नक्की केलंत काय तुम्ही?"

"दही. पपई. पाणी. ठोकलं, झाकलं. हात लावला नाही."

"पाणी कशाला घातलंत?"

"घट्ट होतं. साच्यात उतरेना."

"पाण्यानंच त्याचा दगड होतो. उलट दही फडक्यात टांगून पाणी काढायचं."

"पाण्यानं माल कमजोर होतो गं."

"इथे कडक होतो."

मुलगी पुढे सांगतच होती, "पिकलेलं केळं कुस्करून घाला, थोडा मध घाला, मग मऊ राहतं. आणि फ्रीजरमध्ये ठेवलं की मधूनमधून काढून काट्यानं ढवळायचं. कडेला धरलेलं खरवडून मोडायचं."

"सेट होत असताना?"

"हो."

"हलवायचं?"

"हो, बाबा!"

"अगं, पण मग ते सेट होणार कधी?"

"होऊच द्यायचं नाहीये."

फोन ठेवून मिस्त्रींनी फ्रीजकडे बघितलं. ओल्या मालाला बोट लावणाऱ्याला त्यांनी कारखान्याच्या फाटकाबाहेर काढलं असतं. काढलंही होतं एकाला.

त्यांनी दही टांगलं, केळं कुस्करलं, मध घातला. भांडं फ्रीजरमध्ये गेलं. थोड्या वेळानं काढून बघितलं तर कडेनं सुरेख धरलं होतं, एकसारखं, गुळगुळीत. मिस्त्रींनी काटा उगारला आणि खाली घेतला. भांडं परत आत ठेवलं. पुन्हा काढलं. पुन्हा ठेवलं.

"अहो, सारखा फ्रीज काय उघडताय? आत कोणी पाहुणे आलेत का?"

मिस्त्रींनी डोळे मिटले आणि काटा खुपसला. चरचर झालं. चांगला धरलेला माल त्यांनी स्वतःच्या हातानं मोडला. मग पुन्हा धरू दिला, पुन्हा मोडला. दुपार कलेपर्यंत भांड्यात जे काही तयार झालं, ते घट्ट नव्हतं, पातळ नव्हतं, त्याला कड नव्हती, आकार नव्हता. सवयीनं त्यांनी एक चमचा उंचावरून बशीत सोडला. पचकन आवाज झाला आणि ते तिथेच बसलं. पास की नापास, मिस्त्रींना काही सांगता येईना.

ते आत जाऊन बायकोच्या उशाशी बसले. पहिला चमचा तिनं तोंडात धरून ठेवला. मिस्त्री तिचा चेहरा वाचत होते, पण त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मग तिनं गिळलं.

"टोचलं?"

"नाही."

दुसरा चमचा गेला. मग तिनं विचारलं, "कसं लागतंय हो?"

"ते मी तुला विचारायचं."

"मला काही कळत नाही. गार आहे, एवढंच. औषध सुरू झाल्यापासून सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं."

"बोलली नाहीस."

"बोलून काय करायचं? तुम्ही खा आणि मला सांगा."

मिस्त्रींनी एक चमचा खाल्ला. "चांगलं आहे."

"चांगलं म्हणजे?"

इतकी वर्षं ताट पुढे आलं की ते 'ठीक' म्हणायचे आणि तेवढ्यावर दोघांचं भागायचं. त्यांनी आणखी एक चमचा घेतला आणि तोंडात घोळवला. कपाळावर आठ्या पडल्या.

"आधी गार. मग जरासं आंबट. बोचणारं नव्हे. दह्याचं आंबट."

"हं."

"केळं मागून येतं. उशिरानं. ते गेलं की मध राहतो, घशाशी."

बायकोनं डोळे मिटून तोंड उघडलं. मिस्त्रींनी चमचा भरवला.

"आता?" तिनं खुणेनंच विचारलं.

"आता आंबट," मिस्त्री म्हणाले. ते थांबले. घाई करून चालणार नव्हतं, आणि उशीरही व्हायला नको होता. "आता केळं येतंय."

तिनं सावकाश गिळलं.

"आता मध."

तिनं पुन्हा तोंड उघडलं.