समुद्र दिसतो, न्हाणीघरातून

सगळा दोष बार्बा फ्रानेचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी उगाच लाकडाला किंवा नशिबाला बोल लावायला नको.

मी एक स्टूल बोलतोय. खरं तर मी खुर्ची होणार होतो. पुरा झालो असतो तर लोक मला ‘ती’ म्हणाले असते. अर्धवट राहिलो म्हणून ‘ते’ म्हणतात. मी स्वतःला ‘तो’ म्हणतो. ज्यांनी मला पाठ दिली नाही, त्यांनी मला व्याकरण शिकवू नये.

माझं लाकूड तुतीचं. अंगणातल्या तुतीची फांदी वादळात मोडली, तिचा मी. बार्बा फ्राने म्हणजे जन्मभर होड्या बांधलेला सुतार. आमच्या बेटावर वयस्कर पुरुषाला सगळे आदराने ‘बार्बा’ म्हणतात. तो आदर मिळवायला म्हातारं होण्यापलीकडे काही करावं लागत नाही. त्याने माझे चार पाय केले, बैठक बसवली, पाठसुद्धा कापून, घासून, गुळगुळीत करून ठेवली. जोडायची तेवढी राहिली. दोन खुंट्या आणि थोडा सरस, बस्स. आणि नेमकी त्याच दुपारी बार्बाला फ्याका चढली.

फ्याका म्हणजे झोप नव्हे. भर उन्हाच्या वेळी आमच्याकडच्या माणसाला अचानक काहीच नकोसं होतं. उठायला नको, बोलायला नको, नाकावर माशी बसली तर तिला हाकलायलाही नको. मोठी माणसं तिच्याविषयी देवाच्या देणगीसारखं बोलतात. यांच्या पोरांनी शाळा अर्ध्यावर सोडली की तो कामचुकारपणा. यांनी खुर्ची अर्ध्यावर सोडली की ती फ्याका.

“उद्या जोडतो,” बार्बा म्हणाला, आणि माझी पाठ कारखान्यातल्या खिळ्याला टांगली गेली.

आता समुद्राचं ऐका. बार्बाचं घर समुद्रापासून दुसऱ्या रांगेत. पुढच्या रांगेत तोंकोचं बुटकं घर होतं, त्याच्या छपरावरून आमच्या गॅलरीत अख्खा समुद्र यायचा. बार्बाची बायको नेवेंका, सगळ्यांची ‘तेता’ म्हणजे मावशी, उन्हाळाभर घर पाहुण्यांना द्यायची आणि ती दोघं तळघरात राहायची. रस्त्यावर तिने रंगवलेली पाटी होती: ‘खोल्या मिळतील. समुद्र दिसतो.’

मग तोंकोने वर मजला चढवायला घेतला. चढवू दे, त्याचं घर आहे. पण सिमेंटच्या गोण्या पाठीवरून कोणी वाहिल्या? आमच्या बार्बाने! शेजाऱ्याला मदत नको का करायला! छत ओतून झाल्यावर तोंकोने जेवण घातलं, तेव्हा हा पोटभर कोकरू खाऊन, तोंकोच्या गळ्यात गळा घालून गायला, डुलत घरी आला, गॅलरीत बसला आणि म्हणाला, “नेवेंका, समुद्र कुठे गेला गं?”

“तूच झाकलास की, गाढवा! एकेक गोणी करून!”

घरभर शोधल्यावर समुद्र सापडला तो न्हाणीघरात. तिथे उंचावर एक लहान खिडकी आहे, तिच्यातून तोंकोची भिंत आणि सुरूचं झाड यांच्यामध्ये वीतभर निळं दिसतं. पण उंचावर चढायला काहीतरी हवं. बार्बा कारखान्यात आला, मला उचललं. “तात्पुरतं,” असं मला म्हणाला. आमच्या बेटावर जे तात्पुरतं असतं तेच टिकतं.

पाटी काही त्याने बदलली नाही. “खोटं काय लिहिलंय? कुठून दिसतो ते लिहिलेलं नाही, एवढंच.”

पाहुणे यायचे, गॅलरीत जायचे, भिंत बघायचे आणि बॅगा उचलायचे. न्हाणीघरात मी सांडलेल्या पाण्यात उभा. बाहेर अंगणात, तुतीखालच्या टेबलाभोवती पाच म्हाताऱ्या खुर्च्या. त्यांच्यावर बार्बाची दोस्तमंडळी रेलायची, सार्डिन खायची, वाइन सांडायची. त्या खुर्च्यांना ताठा केवढा! त्यांनी काय केलं होतं? पाठ घेऊन बसल्या होत्या.

या उन्हाळ्याच्या सुरुवातीला नेवेंका नवऱ्याला म्हणाली, “ऐक. यंदाही कोणी राहिलं नाही तर मी पाटी उतरवणार. मला लाज वाटते आता. आणि कोणी राहिलं तर त्या स्टुलाला पाठ जोड. सहावी खुर्ची लागेल. किती वर्षं मी उभ्याने जेवायचं?”

“संत निकोलाची शपथ, जोडतो.”

माझा हिशेब सरळ झाला. पाहुणे राहिले तर मी खुर्ची. गेले तर जन्मभर स्टूल.

आणि दुपारच्या बोटीने ती मंडळी उतरली. चेक कुटुंब होतं. फोटो बघून ठरवलेलं घर भलत्याच खाडीत निघालं, म्हणून सामानासकट धक्क्यावर उभे होते. नेवेंकाने त्यांना गाठून आणलं. बोहुमिल नावाचा गंभीर चेहऱ्याचा गृहस्थ, बायको राद्का, दोन मुली आणि बोहुमिलची आई ल्युद्मिला, चांगली आडव्या बांध्याची. त्यांची भाषा म्हणजे आमच्या भाषेची मावसबहीण. निम्मं कळतं, उरलेलं हातवाऱ्यांनी भागतं.

बोहुमिल थेट गॅलरीत गेला. समोर भिंत. भिंतीतल्या खिडकीत तोंको, नुसत्या बनियनवर, टोमॅटोच्या कुंड्यांना पाणी घालत. त्याने झारी हलवून स्वागत केलं.

“हा समुद्र?” बोहुमिलने विचारलं.

“हा तोंको,” बार्बा म्हणाला. “समुद्र आत आहे.”

“आत कुठे?”

“न्हाणीघरात.”

राद्काने तोंडावर हात धरला. मुली खो खो हसल्या. बोहुमिल हसला नाही. “चला. बॅगा उचला.”

तेवढ्यात समोरून तोंको ओरडला, “माझ्याकडे या! प्रत्येक खिडकीत समुद्र आहे!”

“तोंको, तू टोमॅटो बघ!” नेवेंका किंचाळली. तिचा चेहरा त्याच्या टोमॅटोएवढा लाल झाला होता, आणि मला आत माझी पाठ कायमची खिळ्यावर दिसायला लागली.

“थांबा जरा,” ल्युद्मिला म्हणाली. “समुद्र असो नसो, न्हाणीघर मला हवंच आहे. बोटीपासून कळ काढतेय.”

ती आत आली. दार लावलं. तिचं काम झालं, मग तिची नजर खिडकीखाली उभ्या असलेल्या माझ्यावर पडली. तिने माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, स्कर्ट आवरला आणि चढली. माझा एक पाय डुगडुगतो. या घरातल्या वडीलधाऱ्यांना मी हटकून डुगडुगवतो. त्या दिवशी मात्र मी दगडासारखा उभा राहिलो. प्रेमाने नाही. पाठीसाठी.

“ओहोहो!” ती ओरडली.

बाहेरून बोहुमिल: “आई! पडलीस का?”

“पडतेय कशाला! बोट आली! नाक आलं... खिडक्या आल्या... खिडक्याच खिडक्या... ए, शेपूट! गेली!”

“कोण गेली?”

“बोट रे, ठोंब्या!”

दार उघडून ती म्हणाली, “मी इथेच राहणार.”

“आई, शेजारी सगळ्या खिडक्यांत समुद्र आहे.”

“असेल. गेल्या वर्षी आपल्या गॅलरीपुढेही अख्खा समुद्र होता. तू त्याच्यासमोर बसून काय केलंस? शब्दकोडी सोडवलीस. एकदा तरी मान वर केलीस? हा बघ, डोळा लावून बसावं लागतं.”

“न्हाणीघरात?”

“मग काय झालं? लांबून लांबून लोक कशासाठी येतात? आणि आता सरक, मला परत बघू दे.”

बोहुमिलने बॅग खाली ठेवली. बार्बाने राकिया दारूची बाटली काढली, नेवेंकाने एप्रनला डोळे पुसले आणि लगेच बटाटे नि भाजी शिजवायला धावली.

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. सकाळपासून दाराबाहेर रांग. दात घासायला कोणी गेलं की मुली दार बडवायच्या, “बाबा, बोटीची वेळ झाली, बाहेर या!” बोहुमिल आतून, तोंडात फेस घेऊन, “आली, आली, थांबा, माझी पाळी आहे!” शब्दकोड्यांचं पुस्तक बॅगेतच राहिलं. हसण्याचा आवाज ऐकून एके दिवशी तोंको अंजिरांची परडी घेऊन आला, माझ्यावर चढला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “माझ्याकडून एवढा चांगला नाही दिसत रे.” बार्बा इतका हसला की भिंतीला टेकला.

मी वाट बघत होतो. नेवेंकाने आठवण करून दिली, पुन्हा केली, शेवटी झाडू उचलला, आणि बार्बाने पाठ आणली. खुंट्या ठोकल्या, सरस लावला, मला अंगणात तुतीखाली नेलं. पाच म्हाताऱ्यांच्या शेजारी मी सहावा. राद्का माझ्यावर बसली, मागे रेलली. “अगं बाई, ही खुर्ची किती छान आहे,” असं तिने मला म्हटलं. अर्धं जेवण होईपर्यंत मी ‘ती’ होतो. झाडाची सावली माझ्या पाठीवर हलत होती.

मग आतून ल्युद्मिलाची हाक आली. “स्टूल कुठाय?”

सगळ्यांनी जेवणावरून उठून मला आत नेलं. पाठ भिंतीकडे केली तर मी खिडकीपासून लांब राहायचो. पाठ दाराकडे केली तर चढायला वाट नाही. आडवं ठेवायला मध्ये बेसिन. मुलींनी बादली उपडी करून बघितली, ती सरकली.

“मी दुसरं स्टूल बनवतो,” बार्बा म्हणाला. “उद्या.”

त्याचं उद्या कसं असतं ते आता पाहुण्यांनाही कळलं होतं.

“काढ पाठ,” नेवेंका हळूच म्हणाली. सरस अजून ओला होता, त्रास झाला नाही. बार्बाने ती पाठ खिडकीशेजारी भिंतीवर ठोकली, चढताना ल्युद्मिलाला हात धरायला. ते काम मात्र त्याने लगेच केलं. राद्का मासळीच्या उपड्या खोक्यावर बसून जेवली आणि तिचं काही बिघडलं नाही.

ती मंडळी पुढच्या उन्हाळ्यासाठीही हेच घर ठरवून गेली. पाटी जागेवर आहे. ल्युद्मिलाने तिच्याखाली स्वतःच्या हाताने ‘अगदी खरं’ असं लिहिलंय. नेवेंका भांडी घासताना गाते. तुम्ही समुद्रकाठी घर बघायला आलात तर गॅलरीवरून परत फिरू नका, न्हाणीघरापर्यंत या. माझ्यावर चढा, मी डुगडुगणार नाही.

घराला पाहुणे मिळाले. माझी पाठ गेली.