खोक्यावरचा नंबर

महाडच्या कॉलेजात, बारावीच्या वर्गात, अनुपमा मॅडम गोष्टीतली प्रतीकं शोधत होत्या आणि मी दप्तरातल्या मोबाइलकडे कान लावून बसले होते. गोष्ट एका मुलीची. वडील परगावी नोकरीला निघतात, ती त्यांच्या पेटीला बांधलेल्या दोरीची गाठ बघत राहते आणि मोठी होते. नुसतं बघून मोठी होते म्हणे!

“गाठ कशाचं प्रतीक आहे, अम्बरीन?”

माझे अब्बा पहाटेच दासगावहून विमानतळाकडे निघाले होते, पुन्हा कुवेतला. “परीक्षा आलीय, कॉलेज बुडवायचं नाय,” असं बजावून गेले. एव्हाना पोचल्याचा फोन यायला हवा होता.

“सामान सुटू नये म्हणून असते गाठ, मॅडम.”

वर्ग हसला. मॅडमनी फळ्यावर ‘नात्याची वीण’ असं लिहिलं.

माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे कुणी आखातात निघालं की सामानाचं खोकं बांधून झाल्यावर त्यावर मार्करनं जाणाऱ्याचं नाव लिहितात आणि खाली घरच्या कुणाचा तरी नंबर. सामान हरवलं, माणसाला काही झालं, तर फोन त्याच नंबरावर येतो. आजवर तिथं चाचांचा नंबर असायचा. आज अब्बांनी मार्कर माझ्या हातात दिला. म्हणाले, “तुझा लिव गो.”

दप्तरात मोबाइल थरथरला.

“बंद कर तो आणि दे इकडे,” मॅडम म्हणाल्या.

“नाही देणार,” म्हणत मी उभी राहिले. “अब्बांच्या खोक्यावर आता माझा नंबर आहे.”