जेल्मोची हजेरी

एर्मेसनं टोपीतलं पीस तिसऱ्यांदा सरळ केलं. ते पुन्हा कललंच.

"राहू दे रे म्हाताऱ्या, त्याचीही कंबर धरली असेल," ओनोरीना म्हणाली. त्याची शेजारीण. वय एकोणऐंशी, जीभ तिशीतली. दफनभूमीच्या भिंतीलगतची वाट सोडून, डेअरीवरून वळसा घालून ती आताच चौकात पोचली होती. आयुष्यभर तशीच यायची. एर्मेसनं कधी का म्हणून विचारलं नाही.

आज युद्धस्मारकावर हजेरी होती. दर नोव्हेंबरला सरपंच शहिदांची नावं वाचतो आणि ज्याच्या-त्याच्या घरचं माणूस "हजर!" म्हणून ओरडतं. एर्मेसच्या घराला कधी ओरडायला मिळालं नव्हतं. त्याच्या आजोबांचा भाऊ जेल्मो पहिल्या महायुद्धात इथल्याच डोंगरावर लढला, पण भरदिवसा उघड्यावरून चढाई करायचा हुकूम त्यानं मानला नाही. आपल्याच सैन्यानं दफनभूमीच्या त्या भिंतीशी उभं करून त्याला गोळ्या घातल्या. तेव्हापासून हजेरीला घरचे स्मारकाच्या कुंपणाबाहेर, अक्रोडाच्या झाडाखाली उभे राहायचे आणि गुपचूप परत जायचे.

यंदा गावानं स्मारकाच्या दगडावर जेल्मोचं नाव कोरलं होतं. सगळ्यात खाली.

"नीट ओरड हं," ओनोरीना म्हणाली. "चर्चमध्ये गातोस तसं तोंडातल्या तोंडात नको."

"आठवडाभर गोठ्यात सराव केलाय. गाय दूध देईना झालीय."

सरपंच वाचत गेला. हजर. हजर. शेवटच्या नावाआधी त्यानं चष्मा पुसला.

"जेल्मो फिओर!"

एर्मेसनं तोंड उघडलं. आवाजच फुटेना. त्यानं टोपी काढून छातीशी धरली, पुन्हा जोर लावला. नुसती हवा आली. मागं कुणीतरी खाकरलं. सरपंचानं कागदाची घडी घालायला घेतली.

"हजर!"

अक्रोडावरचे कावळे उडाले. ओनोरीना ओरडली होती.

माना वळल्या. जेल्मोला मारलं त्या दिवशी बंदुका धरणाऱ्यांत तिचे आजोबा होते, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. एर्मेसलाही. ती दगडाकडंच बघत होती.

"हजर," एर्मेस कसाबसा म्हणाला.

"ऐकू नाही आलं," ती पुटपुटली.

मग तो ओरडला.

माणसं पांगली. ओनोरीना सवयीनं डेअरीकडं वळली. एर्मेसनं टोपी डोक्यावर चढवली आणि कोपर पुढं केलं.

"इकडून जवळ पडतं," तो म्हणाला.

तिनं एकदा भिंतीकडं पाहिलं. मग हात वर करून तिनं त्याचं पीस सरळ केलं, कोपर धरलं आणि दोघं भिंतीच्या वाटेला लागले.