आठवे पाणी

मित्रांनो, मी एक जुने लाकडी पिंप आहे. सध्या माझा मुक्काम एका अजबखान्यात आहे. माझ्या डाव्या हाताला दोन शेपट्यांचा, पेंढा भरलेला सरडा आहे आणि उजव्या हाताला माशाच्या कातडीचे बूट. पिंपाला हात नसतात हे मलाही ठाऊक आहे, उगाच हसू नका. माझ्या गळ्यात एक पाटी आहे : 'विषारी पिंप. याने एक माणूस मारला.' लोक ती वाचून दोन पावले मागे सरकतात आणि मग माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. ती पाटी साफ खोटी आहे.

पिंपे करणाऱ्या एका सुताराने मला घडवले. त्याने जाड फळ्या वाफेवर वाकवल्या, भोवती लोखंडी पट्ट्या ठोकल्या आणि तळाशी पाणी सोडायला बूच बसवले. मग माझ्या काठावर ओळीने नऊ भोके पाडली आणि त्यांत बसेल अशी एक खुंटी दोरीने बांधून दिली. "पिंपाला भोकं पाडून मागणारं हे पहिलंच गिऱ्हाईक!" असे तो पुटपुटत होता.

ते गिऱ्हाईक म्हणजे रस्त्याच्या वळणावरचे एक खानावळीचे कुटुंब. त्यांच्याकडे 'विषाचा पाव' मिळायचा. दलदलीत उगवणाऱ्या एका कंदाचा तो पाव. कच्चा कंद खाल्ला तर माणूस उठत नसे. म्हणून त्याच्या चकत्या माझ्यात भिजत ठेवायच्या आणि सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचे, नऊ वेळा. नवे पाणी घातले की खुंटी पुढच्या भोकात. मग चकत्या वाळवून, दळून त्यांचा पाव भाजायचा. चव म्हणाल तर ओल्या पुठ्ठ्यासारखी. पण लांबलांबचे प्रवासी तो खायला यायचे आणि खाऊन झाल्यावर छाती फुगवून बाहेर पडायचे.

सकाळचे पाणी सासूबाई बदलायच्या, संध्याकाळचे सून. "पाणी घातलंस का?" असे त्या घरात कोणी कोणाला विचारत नसे. विचारणे म्हणजे संशय घेणे. "विचारायचं काय? खुंटी बघ," एवढेच. मला त्याचा फार अभिमान होता. दोन बायका एका स्वयंपाकघरात आणि भांडण नाही, ते माझ्यामुळे, असे मला वाटायचे.

प्रत्येक घाण्याचा पहिला तुकडा सासरे खायचे. खिडकीपाशी खुर्ची टाकून दुपारपर्यंत बसायचे आणि मगच पाव गिऱ्हाइकांपुढे जायचा. कोणी घाबरत विचारले, "खरंच विष असतं का हो?" तर म्हणायचे, "मी अजून बोलतोय ना? मग वाढून घ्या."

सुनेला एक खोड लागली होती. ओल्या हातांनी खुंटी निसटायची, म्हणून ती आधी कोरड्या हाताने खुंटी सरकवायची आणि मग बादल्या उचलायची. वाईट हेतू काहीच नव्हता. त्या संध्याकाळी तिने खुंटी सातवरून आठवर नेली, आणि तेवढ्यात बसभर माणसे दारात उतरली. आतून सासूबाईंची हाक आली, "अगं ये लवकर, माझ्या एकटीच्यानं आवरायचं नाही!" सून धावत गेली. बादल्या पालथ्याच राहिल्या. सकाळी सासूबाईंनी खुंटी आठवर पाहिली, पाणी बदलले आणि ती नऊवर नेली. मी ओरडून सांगायला हवे होते. पण मला तोंड आहे ते नुसते आत ओतण्यापुरते.

पाव भाजला त्या दिवशी सासरे पहिला तुकडा खाऊन थोड्या वेळाने म्हणाले, "आज जीभ जड झालीये जरा." ताटे पुसणारी सून जागच्या जागी थांबली. तिचे डोळे माझ्याकडे वळले आणि तिला त्या बादल्या आठवल्या. ती डॉक्टरांना आणायला अनवाणी धावली. डॉक्टर आले तेव्हा सासऱ्यांचे हात गार पडले होते. दिवे लागायच्या आत ते गेले.

सासूबाई माझ्या काठावरची भोके बोटांनी मोजत बसल्या. "खुंटी तर आठवर होती. मग माझंच चुकलं. सातवं भोक मला आठवं दिसलं असणार." नंतर कितीतरी दिवस त्या तेच म्हणत राहिल्या. घरात त्यांना कोणी बोल लावला नाही. त्यामुळे त्यांना जास्तच लागायचे.

एकदा सून त्यांच्याजवळ येऊन बसली. "आई, तुम्हाला एक सांगायचंय."

"सांग ना, बाळ."

ती बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "डोळे तपासून घ्या एकदा."

मित्रांनो, माझा राग त्या न घातलेल्या पाण्यावर नाही. या चार शब्दांवर आहे. सासूबाईंना चष्मा लागला आणि आपणच नवऱ्याला मारले, ही त्यांची खात्रीच झाली. त्यांनी चुलीला हात लावणे सोडले, मग जेवणही सोडल्यासारखेच केले. तिसऱ्या वर्षी थंडीत त्या गेल्या. त्यांच्या मुलाने, म्हणजे सुनेच्या नवऱ्याने, खानावळ बंद केली आणि मला इथे आणून दिले. लाकडात विष मुरले होते, असे त्याने अजबखानेवाल्याला सांगितले. आईवर बोल येण्यापेक्षा ते बरे, असे त्याला वाटले असेल; खरे काय ते त्याला तरी कुठे ठाऊक होते?

गेल्या आठवड्यात सून आली. केस पांढरे झालेले, सोबत कोणी नाही. पाटी वाचून ती मागे सरकली नाही. तिने दोन्ही हात माझ्या काठावर ठेवले, आत वाकली आणि म्हणाली, "आई, ते पाणी मी घातलंच नव्हतं."

रिकाम्या पिंपात बोललेले परत बोलणाऱ्याकडेच येते. तिचे वाक्य तिच्याच तोंडावर आले. ती तशीच वाकून थांबली, जणू त्यानंतर आणखी काही ऐकू येणार होते.

"बाई, हात काढा," रखवालदार म्हणाला, "विषारी आहे ते."

"नाही हो," ती म्हणाली. पण त्याने ते ऐकले नाही, तो पुढच्या माणसांना रांगेत लावत होता.

मित्रांनो, तुमच्या हातून काही राहून गेले असेल, तर ज्याला त्याची झळ लागली ते माणूस घरात आहे तोवर त्याला सांगा. ते रागावेल, रडेल, कदाचित बोलायचे बंद होईल. होऊ द्या. पण ते सांगायला माझ्यासारख्याकडे येऊ नका. मला ते आधीच ठाऊक असते, आणि माफ करणे मला येत नाही.