रिकाम्या तक्त्याचा हिरवा दिवा

रेजायना शहरातल्या त्या गारपीट-विमा कंपनीत एक रीत होती: ज्याच्या चुकीनं प्रोग्राम कोलमडेल त्यानं सोमवारी सगळ्यांना डोनट आणायचे. डार्लीन पेट्रिशिननं इतक्या वर्षांत कधी आणले नव्हते. याचा तिला गर्व होता, आणि तो ती फारसा लपवतही नसे.

प्रोग्राम विम्याच्या हप्त्याचं गणित बरोबर करतो का, हे तपासणाऱ्या सगळ्या चाचण्या तिनं एकेक करून हातानं लिहिल्या होत्या. गव्हाची वेगळी, मोहरीची वेगळी. मग क्वेंटिन डुफ्रेन आला. त्यानं चाचणी एकच लिहिली, ती डेटाबेसला जोडली आणि सगळी उदाहरणं तिथल्या एका तक्त्यात ओळीनं भरली. जितक्या ओळी, तितक्या वेळा चाचणी आपोआप चालणार. नवं उदाहरण सुचलं की नुसती ओळ वाढवायची. डार्लीनच्या चाचण्या पुसल्या गेल्या.

"बघा रे, याला म्हणतात डोकं!" साहेब लाइल ब्रँडवोल्ड सगळ्यांसमोर म्हणाला. "टीमचा प्रमुख आता क्वेंटिन."

ती खुर्ची डार्लीनची होती. निदान ती तसं धरून चालली होती. तिचा नुसता जळफळाट झाला. क्वेंटिन हसला तरी तिला राग येई, न हसला तरी येई. त्यात तो तिला अदबीनं 'तुम्ही' म्हणायचा; म्हणजे आपण म्हाताऱ्या, असं ती मनात म्हणे.

सोमवारी चाचणी चालली आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पडद्यावर 'पास'चा हिरवा दिवा लागला. इतक्या लवकर? डार्लीननं हळूच तक्ता उघडला. आत एकही ओळ नव्हती. शनिवार-रविवारी सर्व्हरवाले चाचणीचा डेटाबेस पुसून नव्यानं भरत, आणि नवे तक्ते त्यांच्या यादीत आपण होऊन जात नसत, सांगावं लागे. जुन्यांना हे ठाऊक होतं. क्वेंटिनला कुणी सांगितलंच नव्हतं. ओळच नाही तर चाचणी एकदाही चालणार नाही, आणि जी चाललीच नाही ती नापास कशी होणार?

सांगावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात पलीकडून लाइलचा आवाज आला, "क्वेंटिन, तू नसतास तर आमचं कसं झालं असतं रे?" तिनं तक्ता बंद केला. पडू दे तोंडघशी. आणू दे डोनट.

त्याच आठवड्यात मसुराच्या हप्त्याचा नियम बदलायचं काम तिच्याकडे आलं. तिनं बदल केला, हिरवा दिवा बघितला. तो खोटा आहे हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण आपलं थोडंच चुकतंय! गुरुवारी प्रोग्राम गावोगावच्या एजंटांकडे गेला.

शुक्रवारी फोन घणघणले. गेल्या हंगामात दोनदा गारा पडलेल्या मसुराच्या शेताला हप्ता येत होता शून्य डॉलर.

"चूक माझी," क्वेंटिन म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तक्ता रिकामा होता, मी पाहिलंच नाही. आणि हे उदाहरण त्यात होतं हो! डार्लीनचंच." त्यानं आपल्याकडची जुनी प्रत उघडून दाखवली. प्रत्येक ओळीच्या शेवटी नाव होतं: डार्लीन पेट्रिशिन. "त्यांच्या चाचण्यांतूनच सगळं घेतलंय मी. चुकलं तर कुणाला विचारायचं ते कळावं, म्हणून नाव ठेवलं."

लाइलनं कपाळावरून हात फिरवला. "डार्लीन, टीम तूच सांभाळ बाई. पोरगं अजून कच्चं आहे."

हवं ते समोर चालून आलं होतं. डार्लीननं मात्र पडद्याकडे पाहिलं. क्वेंटिन मान खाली घालून उभा होता आणि पडद्यावर तिचंच नाव ओळीनं उभं होतं.

"लाइल, नियम मी बदलला. आणि तक्ता रिकामा आहे हे मला सोमवारपासून माहीत होतं."

लाइल तिच्याकडे बघत राहिला, मग उठून फोन घ्यायला गेला.

पुढच्या सोमवारी डोनटचा डबा डार्लीननं आणला. प्रमुख क्वेंटिनच राहिला होता. त्यानं एक डोनट उचलला, कागदावर ठेवला, खाल्ला नाही.

"तक्ता परत भरलाय," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "ओळींमधलं तुमचं नाव ठेवू की काढू?"

डार्लीननं डब्याचं झाकण लावलं.

"ठेव," ती म्हणाली. "चुकलं तर कुणाला विचारायचं ते कळायला हवं."